पंधरवड्याची सुई

तात्या, आमचे वडील, ओसरीत बाजेवर पालथे पडले होते. लेंग्याची नाडी सैल केलेली, तोंड उशीत. माझा भाऊ उत्तम त्यांच्या कमरेशी उभा राहून उजेडाकडे सिरींज धरून पाहत होता.

"अक्का, जरा बाजूला हो. उजेड अडतोय."

मी ड्यूटीवरून तशीच आले होते, अंगात खाकी, खांद्याला तिकिटाची पेटी. तेव्हा मी दहिवडी डेपोला एसटीत कंडक्टर होते आणि माहेर वाटेवर असल्यामुळं शेवटची फेरी झाली की आईकडं चहाला थांबत असे.

"काय टोचतोयस त्यांना?"

"ताकदीचं आहे."

"कसली ताकद?"

"टेस्टोस्टेरॉन. पुरुषाच्या अंगात असतं ते. वय झालं की आटतं." त्यानं सुई टोचली आणि अंगठा सावकाश दाबत नेला. "मागच्या खेपेला पुण्यात यांचं रक्त तपासलं. पाहिजे त्याच्या निम्मंसुद्धा नाही. म्हणून हे असे गळून गेलेत."

"डॉक्टरनं सांगितलं?"

"क्लिनिक आहे, अक्का. पुरुषांच्या तब्येतीचंच. माझ्या जिममधली निम्मी माणसं तिथं जातात. मी स्वतः घेतो."

उशीतून तात्यांचा आवाज आला, "टोच रं तू. तिला काय इचारतोस? दिवसभर तिकिटं फाडायचं काम तिचं."

आणि ते हसले. मी पेटी खाली ठेवून तशीच उभी राहिले. तात्या उत्तमशी बोलताना हसलेले मी तेरा वर्षांत पाहिले नव्हते. हसणं लांबच राहिलं, ते दोघं एकमेकांशी बोलतच नव्हते.

आमचे तात्या, हिंदुराव, जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. माण तालुक्यात खिलार जनावर फार. गोऱ्हा औताला धरायच्या आधी खच्ची करावा लागतो, नाहीतर तो आवरत नाही. तात्यांची सगळी नोकरी त्या कामात गेली. मोठा लोखंडी चिमटा असायचा. कातडीवरूनच नस दाबायची. रक्ताचा थेंब येत नाही, जनावर एकदा हंबरतं आणि काम संपतं. दवाखान्याच्या आवारात त्या वेळी माणसं जमायची, चावट बोलायची, हसायची. तात्यांची जीभ त्यात सगळ्यांत तिखट. गावात त्यांना डॉक्टरच म्हणत आणि त्यांच्यापुढं उभं राहायला माणसं जरा बिचकत.

उत्तम माझ्याहून धाकटा. पोलीस भरतीत नापास होऊन आला त्या दिवशी तात्या त्याला चारचौघांत काहीतरी बोलले आणि तो संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला निघून गेला. तिथं आधी एका जिममध्ये झाडलोट केली, मग शिकवायला लागला, मग हडपसरला स्वतःची जिम काढली. दंड माझ्या मांडीएवढे झाले. लग्न झालं. सणाला रोहिणी, त्याची बायको, येऊन आईच्या पाया पडून जायची. तो यायचा नाही.

त्या वर्षी तात्या वाळायला लागले. जेवण तुटलं, बसल्या जागी डोळा लागायचा. मी उत्तमला फोन केला, म्हटलं, "तुझं भांडण तू बघ, पण एकदा येऊन माणसाला बघून जा." तो आला. तात्यांना गाडीत घालून पुण्याला घेऊन गेला आणि परत आला तो हे औषध घेऊन. दर पंधरा दिवसांनी एक सुई. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला तो तयार नव्हता. म्हणून दर दुसऱ्या रविवारी पुण्याहून स्वतः यायचा.

पहिल्या दोन-तीन सुयांनी तात्या पालटले, हे खरं. तोंडावर तकाकी आली. भाकरी वाढली, म्हसवडच्या बाजाराला जाऊन आले, आईवर ओरडायला लागले.

"म्हातारं पुन्हा पहिल्यावानी वरडतंय गं," आई मला म्हणाली, आणि तिला त्याचा आनंद झाला होता.

उत्तम आला की बापलेक जेवून बांधावर जाऊन बसायचे. काय बोलतात म्हणून मी एकदा मागून गेले. बैलांवर चाललं होतं. शिंग कसं असावं, खूर कसा असावा. उत्तमला बैलातलं काय कळतंय? पण तो ऐकत होता, मध्येच विचारत होता आणि तात्या हातवारे करून सांगत होते. मी लांबूनच परत फिरले.

थंडी सुरू झाली तशी तात्या उठताना गुडघ्यावर हात टेकायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, कंबर धरलीय, थंडी हाय. मग आई म्हणाली की लघवीला गेले की लवकर येत नाहीत, आतून कण्हल्याचा आवाज येतो.

"उत्तम आला की सांगू त्याला," मी म्हटलं. "सातारला दाखवून आणेल."

तात्या बाजेवर उठून बसले. "त्याला काय बी सांगायचं न्हाय. दोघींनी बी. सांगितलंसा तर माझ्यासारखा वाईट न्हाय."

तात्यांचं हे बोलणं आम्हाला रोजचं होतं. तरी मी तालुक्याच्या डॉक्टरकडं त्यांना चला म्हणून दोनदा गाडी घेऊन आले. दोन्ही वेळा ते रानात निघून गेले.

पुढच्याच्या पुढच्या रविवारी सकाळी उत्तम येऊन हातपाय धूत होता. तात्या अंघोळीला म्हणून बाजेवरून उठले आणि उभे राहता राहता खाली बसले. पडले नाहीत, पायातलं बळच गेल्यासारखे बसले. पुन्हा उठायला गेले. मग दोन्ही हातांनी मांड्या चाचपत आईकडं बघून म्हणाले, "शालन, माझं पाय कुठं हायती?"

उत्तमनं त्यांना लहान पोर उचलावं तसं उचललं आणि गाडीत घातलं.

साताऱ्याच्या दवाखान्यात दुपारपर्यंत सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर मुल्ला म्हणून होते, मूत्ररोगाचे. पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी मला आणि उत्तमला आत बोलावून दार लावलं.

"प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. हाडांत गेलाय. मणक्यात गाठ होऊन ती मज्जारज्जू दाबतेय, म्हणून पाय गेले." मग त्यांनी विचारलं, "काही औषध चालू होतं?"

उत्तमनं नाव सांगितलं.

"कुणी सुरू केलं?"

"पुण्यात. रक्तात कमी निघालं होतं."

"आजारी माणसाचं कमी निघतंच. हे सुरू करण्याआधी प्रोस्टेटची रक्ततपासणी करतात. केली होती?"

"नाही. कुणी... तसं कुणी म्हटलं नाही."

"हा कॅन्सर त्याच हार्मोनवर पोसतो. कॅन्सर तुमच्या सुईनं झालेला नाही, तो आधीच होता. पण त्याला खाद्य मिळालं." डॉक्टरांचा आवाज चढला नव्हता. "आता ते खाद्य तोडायचं. आजच. शरीरात हे हार्मोन जिथं तयार होतं, ते दोन्ही अंडकोषांतले गोळे काढायचे. लहान ऑपरेशन आहे, तेवढाच भाग बधिर करून होतं. काही तासांत पातळी खाली येते. मग मणक्याला शेक, म्हणजे रेडिएशन, देऊ. पाय परत येतील अशी खात्री नाही, पण आज केलं तर आशा आहे."

उत्तम उभा राहिला. खुर्ची मागं पडली. "माझ्या बापाला खच्ची करणार तुम्ही?"

"उत्तम," मी म्हटलं.

"नाही! ज्या माणसानं सगळ्या तालुक्याचे बैल..." त्याला पुढं बोलता येईना. "नाही होऊ देणार मी. मला दुसरा इलाज सांगा."

डॉक्टरांनी त्याच्या मानेकडं, खांद्याकडं पाहिलं. मानेवर पुटकुळ्या उठलेल्या असायच्या त्याच्या.

"तुम्ही स्वतः किती वर्षं घेताय?"

"सहा... सात."

"मुलं आहेत?"

"त्याचा काय संबंध?"

"बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर आतलं तयार करणं बंद करतं. पुरुषबीजसुद्धा. हे तरी कुणी सांगितलं होतं का?"

पडलेली खुर्ची उत्तमनं उचलून सरळ ठेवली, पण बसला नाही.

"माझ्याकडे या, वडिलांचं झाल्यावर," डॉक्टर म्हणाले. "एकदम बंद करू नका." आणि मग माझ्याकडं वळून, "पेशंटशी मी बोललोय. ते म्हणाले, मुलीला पाठवा."

तात्या खिडकीजवळच्या खाटेवर होते. नळी घातलेली, पायांवर चादर. ते पाय चादरीखाली कसे पडले होते ते अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. कुणीतरी ठेवून गेल्यासारखे.

"उत्तम कुठाय?"

"जिन्यात बसलाय."

"रडतोय?"

"हो."

"दार लाव, माले."

मी दार लावून त्यांच्याजवळ स्टुलावर बसले. मालन हे माझं नाव, पण माले म्हणून हाक ते कधीतरीच मारत. बापाशी अशा गोष्टी बोलायची रीत आमच्या घरात नव्हती. पण मी दिवसभर गाडीत पन्नास पुरुषांशी हुज्जत घालणारी बाई, आणि हे सांगायला त्यांना माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

"डॉक्टर काय करणार ते मला बोलला. मला काय नवं हाय त्यात?" ते छताकडं बघत म्हणाले. "त्याच्यावर सुई मिळती म्हणं."

"मिळते, येताना मी विचारलं डॉक्टरांना. पण ती सुरुवातीला हार्मोन आणखी वाढवते, मग कमी करते. तेवढा वेळ तुमच्या मणक्याला नाही, तात्या."

"हं."

बाहेर कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली.

"गोऱ्हा खच्ची केला की मालक इचारायचा, डॉक्टर, आता हा आतनं खचंल का ओ. मी म्हणायचो, चार दिवसात इसरतोय. मला काय ठावं इसरतोय का न्हाय? बैलाला कोण इचाराय गेलतं?" ते थांबले. "उत्तम भरतीस्नं आला तो दिस तुला ध्यानात हाय?"

होता. मी त्या दिवशी त्यांचा डबा घेऊन दवाखान्यात गेले होते. आवारात गोऱ्हा पाडलेला, सात-आठ माणसं त्याला दाबून धरून बसलेली, तात्यांच्या हातात चिमटा. उत्तम फाटकातून बॅग घेऊन आत आला. कुणीतरी विचारलं, काय झालं रं भरतीचं? तो म्हणाला, धावण्यात मागं पडलो. तात्यांनी हातातला चिमटा वर करून दाखवला आणि म्हणाले, "ह्याला हे लावायची बी गरज न्हाय. हे आईच्या पोटातनंच खच्ची होऊन आलंय." माणसं इतकी हसली की गोऱ्ह्यावरचे हात सुटले. उत्तम तिथंच उभा होता. त्याचा चेहरा मी पाहिला होता.

"ध्यानात आहे," मी म्हटलं.

"तिसऱ्या सुईलाच मला कळलं हुतं, माले."

"काय कळलं होतं?"

"सुई घेतली की दोन-तीन दिसात कंबरेत आग उठायची. लघवी अडायची. एकदा रगत बी पडलं. मी जनावरांत जल्म काढलाय. अंगात कायतरी वंगाळ वाढाय लागलंय आन् ते ह्या सुईवर वाढतंय, एवढं मला न उमगायला काय झालं?"

मी स्टुलावरून उठलेच. "मग बोलला का नाही? त्याच दिवशी सुई बंद झाली असती!"

"झालीच असती की."

"मग?"

तात्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं मान वळवली. "मग त्यो कशाला आला असता?"

मी स्टूल ओढून पुन्हा त्यांच्याजवळ बसले.

"मी त्याला तसं बोललो," तात्या म्हणाले, "आन् त्यो मला ताकद द्याय आला. पुण्यास्नं. पंधरा दिसाला. हातानं टोचायचा. दुखतंय का तात्या, म्हणून इचारायचा. त्याला मी न्हाय कसं म्हणू? मला माफी मागाय येत न्हाय, माले. कुणी शिकवलीच न्हाय. म्हटलं, टोचून घेऊ."

मी रडत होते. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्यांचा हात असा माझ्यावर याआधी कधी आल्याचं मला आठवत नाही.

"ह्यातलं त्याला एक अक्षर कळाय नको. मीच मागं लागलो हुतो, असं सांगतो मी त्याला. आता बोलव. आन् डॉक्टरला म्हणावं, करा."

उत्तम आला. डोळे सुजलेले. तात्या त्याला म्हणाले, "सही कर."

"तात्या, मी नाही करणार."

"ती सुई मीच मागत हुतो का न्हाय तुझ्याकडं? तू कवा न्हाय म्हणालास तरी मी ऐकलं असतं का? कर सही. लई लोकांच्या जनावरांचं केलंय मी. काय मरत न्हाय त्यानं."

त्यानं सही केली. कागद मी धरून ठेवला.

ऑपरेशन झालं. शेक झाले. पायात हळूहळू जीव आला आणि दोन महिन्यांनी तात्या चालायची चौकट धरून ओसरीतून अंगणातल्या लिंबापर्यंत जायला लागले. पण माणूस वेगळा झाला होता. भर थंडीत अंगात भट्टी पेटल्यासारखी व्हायची, सदरा काढून टाकायचे, घामानं अंथरूण भिजायचं. दंड उतरले, पोट सुटलं. शेजाऱ्याचं वासरू मेलं तर दिवसभर डोळ्यांतलं पाणी खळलं नाही. आईशी सावकाश बोलायला लागले. तिला जवळ बसवून घ्यायचे, जेवलीस का म्हणून विचारायचे. आई एकदा चुलीपुढं मला म्हणाली, "ह्यो माणूस मला आदी का न्हाय गं मिळाला?" आणि मग लगेच, "पर त्यो बी माझाच हुता की," म्हणून तोंडाला पदर लावून बसली.

उत्तम सुरुवातीला आला. मग नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एकदम बंद करू नको. यानं घरी जाऊन सगळ्या सुया एका दिवसात फेकून दिल्या. सात वर्षं बाहेरून घेतलेलं एकदम बंद झाल्यावर त्याच्या अंगात काही उरलंच नाही. रोहिणीचा फोन यायचा, ताई, हे उठत नाहीत, भिंतीकडं तोंड करून पडलेले असतात, जिम दुसऱ्याला चालवायला दिली. मी पुण्याला जाऊन त्याला डॉक्टरकडं नेलं. तो उठून बसायला लागला, कामालाही लागला, पण गावाचं नाव काढलं की गप्प व्हायचा. फोनवर एवढंच म्हणायचा, "कुठल्या तोंडानं येऊ, अक्का?"

"ते वाट बघतात रे."

"बघून सांग, काय लागलं तर पैसे पाठवतो."

रविवार आला की तात्यांना गाड्यांचे आवाज ऐकू यायचे. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला तरी आईला म्हणायचे, बघ जरा कोण आलंय. त्याला बोलावून घे, असं मात्र एकदाही म्हणाले नाहीत. मी म्हटलं, मी त्याला खरं सांगू का? तर हात जोडले.

दोन वर्षांनी रोगानं आपली वाट पुन्हा शोधली. हाडं इतकी पोकळ झाली होती की कूस बदलताना मांडीचं हाड मोडलं. त्यानंतर ते उठले नाहीत. तिसऱ्या वर्षीच्या मार्गशीर्षात, सकाळी आई त्यांचं तोंड पुसत असताना गेले.

उत्तम मातीला पोचला. तिसऱ्या दिवशी सावडून आल्यावर सगळे अंगणात मांडवाखाली बसले होते आणि तो गोठ्यामागच्या दगडावर एकटा. डोकं तासलेलं. पूर्वीच्या दंडांची कातडी सैल लोंबत होती. मी जाऊन त्याच्या शेजारी बसले.

"अक्का," तो म्हणाला, "मी मारलं त्यांना."

"नाही रे."

"डॉक्टर काय म्हणाले ते तू पण ऐकलंस. खाद्य घातलं मी."

मी त्याच्याकडं पाहिलं. चाळिशीचा माणूस, पण साठीचा दिसत होता. तात्यांनी हात जोडले होते ते मला आठवत होतं, पण तात्या आता नव्हते आणि हा होता. हे ओझं घेऊन तो पुण्याला गेला तर परत भिंतीकडं तोंड करून पडेल, असं मला वाटलं. मी सगळं सांगितलं. चिमट्याच्या दिवसाबद्दल ते काय बोलले, तिसऱ्या सुईला त्यांना काय कळलं, आणि तरी ते गप्प का राहिले.

त्यानं मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर विचारलं, "त्यांना ठाऊक होतं?"

"हो."

"आणि मी यावं म्हणून घेत राहिले?"

"हो. तू मारलं नाहीस, उत्तम. त्यांनी स्वतः..."

तो रडेल म्हणून मी वाट पाहत होते. तो रडला नाही. जमिनीकडं बघत, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "मग सुई बंद झाल्यावर मी आलोच नाही."

पुढच्या अंगणातून आई जेवायला हाक मारत होती. मी त्याचा हात हातात घेतला. त्यानं तो सोडवून घेतला नाही आणि धरलाही नाही.